‘आळणे’ची माळ

५ जानेवारी १९५३

आजपासून मी नोकरी करते. हे वाक्य दोनदा लिहावंसं वाटतंय, पण वही नवी आहे, उधळपट्टी नको.

गावातल्या चरई भागात आगाशे मास्तर राहतात. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका कोशमंडळाने मराठी शब्दकोशातलं ‘आ’ हे एक अक्षर त्यांच्याकडे सोपवलं. आईला वाटलं होतं, एका अक्षराला असे कितीसे दिवस लागणार? मास्तरांना सहा वर्षं लागली आहेत. आता शेवटचे, ‘आळ’पासूनचे शब्द तेवढे राहिलेत आणि पाडव्यापर्यंत सगळं पुण्याला द्यायचं आहे. त्या घाईसाठी मला ठेवलंय. काम सोपं आहे: चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या आणि मास्तर सांगतील ते लिहायचं. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचं एक वाक्य, आणि ते कुणी म्हटलं किंवा कुठे छापलंय ते.

त्या चिठ्ठ्यांची तऱ्हा मात्र बघण्यासारखी आहे. टेबल नाही, खण नाही. भिंतभर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याला चिठ्ठ्यांची माळ. एका शब्दाची एक माळ. क्रियापद असेल तर दोऱ्याच्या टोकाला एक गाठ, नाम असेल तर दोन. माणसाच्या तोंडून ऐकलेल्या वाक्याच्या चिठ्ठीचा कोपरा कापलेला. फुलवाल्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. आई म्हणते माझ्या हातांना खाज आहे, दुसऱ्याचं आवरल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज दिवसभर हात मांडीखाली दाबून बसले होते.

मास्तरांनी तासभर नुसतं वाचून घेतलं. माझे उच्चार तपासत असणार. त्यांच्या स्वतःच्या अलीकडच्या चिठ्ठ्या वाचताना माझी त्रेधा उडाली, ओळीवर ओळ चढलेली. मोठ्या माणसांचं अक्षर वाईट असतं हे खरंच आहे.

९ जानेवारी

आजचा शब्द ‘आळणे’. मंडळाच्या जुन्या खर्ड्यात लिहिलंय, ‘आळणे: आटणे, दाट होणे.’ मी ते वाचलं तर मास्तर ताडकन म्हणाले, “आटणं आणि आळणं एकच असेल तर आमची ही तीस वर्षं उगाच दोन शब्द वापरतेय.”

‘ही’ म्हणजे विमलाबाई. मी त्यांना काकू म्हणते. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “दूध आटतं. बासुंदी आळते.”

“फरक काय?”

“आटलं की भांड्यात कमी होतं. आळलं की अंग धरतं.”

“लिही,” मास्तर मला म्हणाले, “आणि कोपरा काप.”

माझ्या आईच्या तोंडची अशी हजार वाक्यं मी आजवर वाऱ्यावर सोडली. मास्तर एकही खाली पडू देत नाहीत. मी दारात पाऊल टाकलं की मान वर न करता “ये शुभदा” म्हणतात. कामात इतका बुडालेला माणूस मी पाहिलेला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन गेले. काकूंनी हलवा घरी केला होता. मास्तरांनी एक दाणा बोटांत घेऊन कितीतरी वेळ फिरवला आणि म्हणाले, “यंदा काटा फार सुरेख आलाय.” मला तर सगळे दाणे सारखेच दिसले. नजर असावी तर अशी.

२० जानेवारी

आज बासुंदीचा प्रयोग. मास्तरांना ‘आळणे’ नेमकं कोणत्या क्षणी सुरू होतं ते पकडायचं होतं. दोन शेर दूध शेगडीवर, काकू पाटावर, मी वही घेऊन, आणि मास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून. मला वाटलं झोपले. तासाभराने एकदम म्हणाले, “आता.”

मी पातेल्यात डोकावले. दूध होतं तसंच होतं. मी म्हटलं, “नाही हो मास्तर, अजून वेळ आहे.” काकूंनी पळी वर उचलली. दूध पडताना पळीला जरासं धरून पडलं. काकू मास्तरांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “आता.”

मी विचारलं, “कसं कळलं?” तर म्हणाले, “आवाज जड झाला. आधी दूध खळखळतं, मग बुदबुदतं.” लगेच व्याख्या सांगितली: ‘उष्णतेमुळे पातळ पदार्थाच्या उकळीचा आवाज जड होऊन त्यास दाटपणा येऊ लागणे.’ सगळं जग डोळ्यांनी बघतं, हा माणूस कानांनी बघतो. मी घरी येऊन भाऊंना सांगितलं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो, ते इथल्याच कलेक्टर कचेरीत आहेत. ते म्हणाले, “बासुंदी मिळाली का?” मिळाली. वाटीभर.

२७ जानेवारी

खाडीकाठच्या कोलशेत गावाहून गोदूबाई पाटी घेऊन विकायला येतात. वाल, वांगी, कधी तांदूळ. त्यांचे यजमान मिठागरावर आहेत. आज मास्तरांनी त्यांना पाटीसकट आत बोलावलं.

“गोदूबाई, तुमच्याकडे काय काय आळतं?”

“काय आलनार, मास्तर? पेज आलते. रांदून खाली ठेवली का निवता निवता आलते.”

“चुलीवर नाही?”

“चुलीवं कशी आलंल? चुलीवं पातलच ऱ्हाते. तुमी बामनं गरमगरम पिता, तुमाला काय म्हाईत.”

“आणि मीठ? मीठ आळतं का?”

गोदूबाई माझ्याकडे बघून हसल्या. मास्तर शाळा शिकलेत ना, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. “मीठ पिकतं, मास्तर. शेत पिकतं तसाच.”

मास्तर इतके खूश झाले की मांडीवर थाप मारून घेतली. “शुभदा, ती व्याख्या फाड. ‘उष्णतेमुळे’ म्हणे. तीन आठवडे मी एकाच पातेल्यात बसलो होतो.” सहा वर्षं घासलेला माणूस एका पाटीवालीच्या शब्दाखातर आपलं लिहिलेलं फाडायला लावतो आणि वर आनंदाने हसतो. असा माणूस जवळून बघायला मिळतोय, ही माझी पुण्याई. नव्या व्याख्येत ‘उष्णतेने किंवा निवल्याने’ आलं. उकळीचा आवाज मात्र त्यांनी ठेवला, तो फार आवडता आहे. निवणाऱ्या पेजेला कसला आलाय आवाज, असं माझ्या मनात आलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार?

४ फेब्रुवारी

पुण्याहून पत्र आलं. मंडळाचे सभासद प्रभाकरपंत ८ मार्चला काम तपासायला येणार. नेहमीप्रमाणे मी मोठ्याने वाचलं. पुढे असं होतं: ‘प्रत्येक चिठ्ठी संपादकाने स्वतः डोळ्यांखालून घातली आहे, याची खात्री करून घेण्यात येईल. प्रकृतीच्या कारणाने ते होत नसल्यास उर्वरित काम पुण्यातील अन्य विद्वानाकडे सोपविले जाईल.’

“पुन्हा वाच,” मास्तर म्हणाले. पुन्हा वाचलं. मग ते उठून आतल्या खोलीत गेले. काकू दारात उभ्या होत्या, त्याही आत गेल्या.

मास्तर दुखावले असणार. आपल्या कामावर कुणी असा संशय घ्यावा? प्रकृतीचं तर नावच नको, या वयात त्यांचा साधा खोकला मी ऐकलेला नाही.

१६ फेब्रुवारी

मास्तर आणि काकू एका मुंजीला तीन दिवस कल्याणला गेलेत. टांग्यात चढताना मास्तरांनी काकूंचा हात धरला तो सोडलाच नाही. चारचौघांत, साठी उलटल्यावर. मला फार गोड वाटलं.

किल्ली माझ्याकडे आहे. माझ्या डोक्यात एक बेत आलाय. प्रभाकरपंत येतील आणि भिंतभर दोरे बघतील, तर काय म्हणतील? भाऊंच्या कचेरीतून खणांचं एक जुनं कपाट निघालंय. माझ्या नोकरीला नाकं मुरडणारे भाऊ आपण होऊन ते हातगाडीवरून पाठवतायत. हात आता मांडीखाली राहायचे नाहीत.

१८ फेब्रुवारी

झालं. तीनशे चाळीस माळा सोडवल्या. सगळ्या चिठ्ठ्या वर्णानुक्रमे खणांत लावल्या. कापलेले कोपरे वाईट दिसत होते, आणि वाक्य कुणाचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतंच, म्हणून कडा चारही बाजूंनी सारख्या कापल्या. दोरे पाणी तापवायच्या बंबात घातले, खिळेसुद्धा उपटले. खणांवर नावं माझ्या सुवाच्य अक्षरात. पाठ मोडलीय, पण खोली कशी एखाद्या कचेरीसारखी दिसतेय.

१९ फेब्रुवारी

मास्तर आले. नेहमीसारखे भिंतीपाशी गेले, हात वर केला आणि भिंतीवरून फिरवत राहिले. मला गंमत वाटली, म्हटलं, सवय. मी कौतुकाने त्यांना कपाटापाशी नेलं आणि एक खण उघडून दिला. त्यांनी चिठ्ठ्यांवरून बोटं फिरवली, कापलेल्या कडांवरूनही. मग म्हणाले, “फार कष्ट घेतलेस, पोरी. छान केलंस.”

काकू मात्र भिंतीकडे बघत उभ्या होत्या. चहा टाकते म्हणाल्या आणि टाकला नाहीच.

२४ फेब्रुवारी

पाच दिवस झाले, एक ओळ पुढे सरकलेली नाही. मी खण उघडते, वाचते, मास्तर ‘हं’ म्हणतात. तीनला म्हणतात, आज पुरे. प्रभाकरपंत यायला बारा दिवस उरलेत. आज मला राग आला. इतकी सोय करून दिली आणि आता हे कंटाळले? मोठ्या माणसांनाही आळस येतो म्हणायचा.

२६ फेब्रुवारी

हे लिहायला हात होत नाही.

आज तीनला घरी निघाले आणि उन्हाची छत्री विसरली म्हणून परत फिरले. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत काकू जमिनीवर बसल्या होत्या, समोर चिठ्ठ्यांचा ढीग, मांडीवर दोऱ्याची गुंडी. मास्तर त्यांच्यापुढे हात पसरून बसले होते. काकू तिसरीपर्यंत शिकलेल्या. साधी अक्षरं त्यांना येतात, जोडाक्षर आलं की अडतात. अडलं की ते अक्षर त्या मास्तरांच्या तळहातावर बोटाने काढत होत्या. मास्तर शब्द सांगत. काकू गाठ मारत आणि माळ त्यांच्या हातात देत. मास्तर गाठ चाचपून “हं, पुढचा” म्हणत.

“हे बघा, असं शेंडीसारखं वर आहे.”

“पुन्हा काढ. सावकाश.”

मी दारात उभी राहिले आणि दोन महिने मला जे जे दिसलं होतं ते सगळं एका क्षणात उलटं झालं. उच्चार तपासणं. ओळींवर चढलेल्या ओळी. हलव्याचा काटा. मिटलेले डोळे. कल्याणच्या टांग्यात धरलेला हात. त्या गाठी आणि ते कोपरे म्हणजे मास्तरांचे डोळे होते, आणि मी ते बंबात घातले.

काकूंनी मला पाहिलं. मास्तर म्हणाले, “शुभदा आली वाटतं.” माझी चप्पल वाजते, रोजचं ‘ये शुभदा’ एवढ्यावरच होतं.

मी रडत होते, तेव्हा मास्तरांनीच सगळं सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली, आता उजेड आणि सावली तेवढी कळते. जे. जे. इस्पितळाच्या डॉक्टरांनी हात टेकले. मंडळाला कळवलं नाही, कारण कळवलं की काम जाणार. “सहा वर्षांत तीनशे शब्द झाले. शेवटचे चाळीस दुसऱ्याने लिहावेत, हे मला सोसवत नाही. हा माझा लोभ आहे, मी नाकारत नाही.”

“मला का नाही सांगितलंत?” मी म्हटलं.

“तू वाचताना माझी कीव केली असतीस. मला नुसतं वाचणारं माणूस हवं होतं.”

मी गुंडी घेतली आणि काकूंच्या शेजारी बसले.

५ मार्च

सात दिवस सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत. काकू ओवतात, मी वाचते, मास्तर गाठी सांगतात. ऐकीव चिठ्ठ्या कोणत्या, हे मास्तरांना पाठ आहे, कुणाच्या तोंडचं वाक्य आणि कोणत्या साली. एकही चुकलं नाही. मी आता कौतुक वगैरे तोंडाने करत नाही. भाऊ सकाळी कचेरीत जायच्या आधी येऊन खिळे ठोकून गेले. दोनशे नव्वद झाल्या. रोज बोटं कापतात, ते बरंच आहे.

आज काकू आणि मी एक ठरवलंय. प्रभाकरपंतांनी काही वाचायला दिलं तर मी सवयीने हात पुढे करायचा आणि वाचायला लागायचं. मास्तरांना हे सांगितलेलं नाही.

८ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर शेवट आधी लिहून मोकळी होईन.

प्रभाकरपंत दहाला आले. पन्नाशीचे, बोलणं मोजकं. एकदा भिंतीकडे बघितलं. मग शब्द विचारायला लागले. आडोसा, आंबोण, आवळणे. मास्तर उठायचे, भिंतीवर बोट ठेवून रांग मोजायचे, माळ काढून त्यांच्या हातात द्यायचे आणि त्यातली वाक्यं तोंडपाठ म्हणायचे. ही माझ्या आत्याची, सन अठ्ठेचाळीस. ही खडवलीच्या एका गुराख्याची. प्रभाकरपंत चिठ्ठीवरून बोट फिरवत ताडून बघत होते. मला गर्वाने धड बसवत नव्हतं.

मग त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. “मंडळाने ‘अ’चा नमुना छापलाय. तिसऱ्या नोंदीवर तुमचं मत हवंय, वाचून बघा.” आणि कागद मास्तरांच्या पुढे धरला.

मास्तरांना कळलंच नाही. कागद तसाच हवेत राहिला. मी हात पुढे केला, बांगड्या वाजल्या, तेवढ्यात मास्तर म्हणाले, “शुभदा, राहू दे.” मग समोर तोंड करून म्हणाले, “प्रभाकरपंत, तुम्ही काहीतरी पुढे केलं असणार. मला ते दिसत नाही. दोन वर्षं झाली.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. प्रभाकरपंतांनी कागदाची घडी केली.

“मंडळाला कळवायला हवं होतं.”

“हवं होतं. भीती वाटली.”

“मग या चिठ्ठ्यांवर डोळे कुणाचे?”

“या शुभदाचे. आणि गाठी आमच्या घरातल्यांच्या.”

प्रभाकरपंत माझ्याकडे वळले. शिक्षण विचारलं. मॅट्रिक म्हटलं. “आळणे,” ते म्हणाले, “चिठ्ठी न बघता सांगा.”

मास्तरांची व्याख्या मला झोपेतही येते. ती म्हटली असती तर झालं असतं. पण प्रभाकरपंतांना मी पोपट आहे की काय, हे बघायचं होतं, ते मला कळलं. आणि खरं सांगायचं तर ती व्याख्या मला जानेवारीपासून टोचत होती. मी म्हटलं, “उष्णतेने किंवा निवल्याने पातळ पदार्थाला दाटपणा येणे, इतका की तो पळीला धरून पडतो, पण पडायचा थांबत नाही. थांबला तर ते थिजणं. मास्तरांनी यात उकळीचा आवाज घातलाय, तो मला पटत नाही. पेज खाली उतरवल्यावर आळते. पिठलंही निवल्यावर आळतं. तेव्हा आवाज नसतो.”

बोलून गेले खरी. जे काम वाचवायला नऊ दिवस बोटं कापून घेतली, ते मी एका वाक्यात घालवलं, असंच वाटलं. मास्तरांकडे बघवेना.

मास्तरांनी ‘पेज, पिठलं’ असं बोटांवर मोजलं. मग म्हणाले, “बरोबर आहे. मला ऐकू येतं, म्हणून मी ते सगळ्यांच्या गळ्यात बांधलं. खोड ते, शुभदा. तुझं लिही.”

प्रभाकरपंत पहिल्यांदा हसले. “तुमच्या तोंडावर तुमची चूक सांगणारं माणूस चिठ्ठ्या तपासतंय, तर मंडळाने आणखी काय मागायचं? प्रत्येक पानाखाली दोघांच्या सह्या पाहिजेत. मंडळात मी बघून घेईन. पाडव्याची तारीख मात्र हलणार नाही.” काकूंनी त्यांना वाटीभर बासुंदी दिली. ती त्यांनी उभ्याउभ्याच संपवली आणि स्टेशनावर गेले.

ते गेल्यावर मी ‘आळणे’ची माळ काढली, जुनी व्याख्या खोडली, नवी लिहिली. मास्तर आरामखुर्चीत बसले होते.

“शुभदा,” ते म्हणाले, “एक विचारू का? तू दिसतेस कशी?”

दोन महिने शब्दांचे अर्थ लिहितेय आणि स्वतःबद्दल एक शब्द येईना. काकू म्हणाल्या, “ती काय सांगणार, मी सांगते. उंच आहे. सावळी आहे. दात जरासे पुढे आहेत, पण हसली की शोभतात. केस दाट, वेणी कमरेच्या खाली. बोटांना चिंध्या बांधल्यात. आणि आत्ता रडतेय.”

“तेवढं ऐकू आलं मला,” मास्तर म्हणाले.

उद्या सातला येते असं सांगून मी निघाले. अजून चाळीस शब्द राहिलेत आणि पाडवा पुढच्या सोमवारी, सोळाला आहे.